चौदा हजारांचा भाचा आणि अडीच हजारांचा कर

फेब्रुवारीच्या पगाराची चिठ्ठी घेऊन माझा भाचा रविवारी भोरला घरी आला. "मामू, ही पी.टी. काय भानगड आहे? दर महिन्याला २०० कापतात, या महिन्यात ३०० कापले. महिना तर २८ दिवसांचा!"

मी शिक्षक. शाळेत पी.टी. म्हणजे कवायत, एवढंच आधी डोक्यात आलं. मग मी माझी स्वतःची पगारपत्रकं काढली. तिथेही तेच. ११ महिने २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. नोकरीची इतकी वर्षं झाली, या ओळीकडे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण ती मला टोचली नव्हती. भाच्याला टोचली, कारण त्याचा पगार १४,००० आहे.

हा भाचा दीड वर्ष बेळगावात एका दुकानात कामाला होता. पगार जवळपास हाच. तिथे असलं काही कापलं जात नव्हतं. आईचं दुखणं वाढलं म्हणून तो भोरला परतला आणि शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात लागला. पगार वाढला नाही, काम बदललं नाही, फक्त राज्याची हद्द ओलांडली आणि तो करदाता झाला.

आपल्याकडे अमेरिकेसारखा राज्याचा वेगळा आयकर नाही, असं आपण समजतो. घटनेने आयकर केंद्राकडे ठेवला आणि शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांकडे दिला, हे खरंच आहे. पण राज्यांच्या यादीत आणखी एक नोंद आहे: व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवरचा कर. कलम २७६ तर स्पष्ट म्हणतं की हा कर उत्पन्नावरचा कर आहे, एवढ्या कारणाने तो अवैध ठरणार नाही. म्हणजे नाव व्यवसाय कर, पण मोजायचा पगारावर. महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. दिल्ली, उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान इथे हा कर नाही. कर्नाटकात आहे, पण २५,००० पेक्षा कमी पगाराला तो लागत नाही. गुजरातेत १२,००० पर्यंत माफ. आणि आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात पुरुषाचा पगार ७,५०० च्या वर गेला की १७५ आणि १०,००० च्या वर गेला की २०० रुपये. तिथून पुढे पगार कितीही असो, आकडा तोच.

माझं भांडण इथे आहे. भाच्याचं वर्षाचं उत्पन्न १,६८,०००. त्यातून २,५०० म्हणजे जवळजवळ दीड टक्का. पुण्यात महिना दोन लाख मिळवणाऱ्या साहेबाचं वर्षाचं उत्पन्न २४ लाख. त्यातूनही २,५००, म्हणजे शेकडा दहा पैसे. महिन्याचे २६ दिवस कामाचे धरले, तर भाच्याची साडेचार दिवसांहून जास्त मजुरी या करात जाते. साहेबांच्या एका दिवसाच्या तिसऱ्या हिश्शात तो फिटतो.

आणि गंमत अशी की २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने सांगितलं, नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत आयकर नाही. टीव्हीवर मध्यमवर्गाच्या नावाने केवढा जल्लोष झाला! दिल्ली १२ लाखवाल्याला म्हणते, तू सुटलास. मुंबई पावणेदोन लाखांच्या आतल्याला म्हणते, तू थांब, २,५०० ठेव.

"दोनशे रुपयांचं काय घेऊन बसलात सर, चहापाण्याचे पैसे," असं आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकजण म्हणाले. मागे याच खोलीत, "तुमची ही सगळी माणसं कर भरतात कुठे?" हेही मी ऐकलं आहे. तेव्हा मी गप्प बसलो होतो. आता त्यांच्यापुढे भाच्याची चिठ्ठी ठेवीन. उत्पन्नाच्या प्रमाणात तो तुमच्याहून जास्त व्यवसाय कर भरतो सर, आणि माझ्याहूनही. वर साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत जीएसटी भरतो तो वेगळाच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. हा कर रोजगार हमी योजनेसाठी आला. १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यावं, सरकारने तेवढीच भर घालावी आणि खेड्यातल्या हातांना काम मिळावं. वेल्ह्यासारख्या (सरकारदरबारी आता राजगड) तालुक्यात, जिथे पाऊस धो धो आणि पीक मात्र भाताचं एकच, तिथे या कल्पनेचं मोल कुणी मला समजावायला नको. मी तिचा विरोधक नाही. उलट तिच्याच बाजूने विचारतो: कर ज्यांच्यासाठी आला ते वेल्ह्याचे मजूर आज शिरवळला नाहीतर पुण्याला कंत्राटी कामावर आहेत आणि त्यांच्याच पगारातून तो कापला जातो. देणारा आणि घेणारा एकच झाला, तर मदत कुणी कुणाला केली?

माझ्या मुस्लिम वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. मराठीत नाक्यावरच्या कराला जकात म्हणत. तो शब्द आपल्या ज़कातमधून आला. मी वर्गात हा शब्दप्रवास हौसेने शिकवतो. पण प्रवासात शब्द आला, अट मागे राहिली. ज़कातची पहिली अट निसाब. तेवढी शिल्लक मालमत्ता नसेल तर काही द्यायचं नाही. गरजू असशील तर घ्यायचं. आणि देणाऱ्याने अडीच टक्के द्यायचे, म्हणजे ज्याचं जास्त त्याचं जास्त. हा विचार समजायला मुसलमान असण्याची गरज नाही. आयकरही तसाच चालतो. व्यवसाय कराचा निसाब मात्र साडेसात हजार! आजच्या महागाईत हा आकडा वाचताना सरकारला संकोच वाटत नाही का?

"आमचे हात घटनेने बांधलेत," हे उत्तर अर्धंच खरं आहे. कमाल मर्यादा घटनेत आहे, हे कबूल. १९५० मध्ये ती २५० होती, १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. १४ व्या वित्त आयोगाने ती १२,००० करावी असं सुचवलं होतं. ते दिल्लीचं काम. पण किती पगाराखाली कर घ्यायचाच नाही, हे ठरवणं पूर्णपणे मुंबईच्या हातात आहे. पुरावा माझ्या घरात आहे. माझी भाचेसून त्याच कारखान्यात आहे, तिचे काही कापत नाहीत, कारण एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंत माफी मिळाली. चांगलं झालं, ती तशीच राहावी. पण तिला जे मिळालं ते त्याला का नाही? दोघांची चूल एकच आहे.

अमेरिकेत एक माणूस वर्षाच्या मध्यात कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला गेला, तर जितके महिने कॅलिफोर्नियात राहिला त्यांचा हिशेब तिथे भरतो, जास्त कापलं असेल तर परत मागतो. टेक्सासात राज्याचा आयकरच नाही. किचकट असेल, पण त्याच्या हातात निदान एक फॉर्म असतो. आपल्या पगारदाराच्या हातात व्यवसाय कराचा कागदच नाही. नोंदणी मालकाची, विवरणपत्र मालकाचं, कामगाराच्या वाट्याला फक्त चिठ्ठीतली दोन अक्षरं. राज्य बदललेल्या महिन्यात दोन्हीकडे कापले गेले, तर त्याने आधी मालकाचंच दार ठोठवायचं. नवीन लागलेला कंत्राटी पोरगा ते ठोठवेल?

म्हणून मागणी सरळ आहे. कर्नाटकासारखी आणि आपल्याच महिलांसारखी २५,००० ची माफी सगळ्यांना द्या. तूट येईल म्हणाल, तर वरच्या पगारांसाठी मर्यादा वाढवून घ्यायला दिल्लीशी भांडा. आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. माझ्या पगारातून जास्त घ्या. मी तक्रार करणार नाही.

वाचकांनो, आज घरी कमी पगाराचं कुणी असेल तर त्याची चिठ्ठी मागून पाहा. बाईंची असेल, पगार २५,००० च्या आत असेल आणि तरी पी.टी. कापली जात असेल, तर लगेच विचारा, ते पैसे तिचे आहेत. पुरुषाची असेल, तर त्या चिठ्ठीची प्रत लावून आपल्या आमदाराला पत्र लिहा. माझं पत्र लिहून झालं आहे. भाच्याने त्यावर सही करताना विचारलं, "मामू, याने माझे ३०० परत येतील?" मी त्याला खरं तेच सांगितलं: नाही येणार. पण पुढच्या फेब्रुवारीत ते कापताना कुणाला तरी कारण सांगावं लागेल.