एका ताऱ्याचे दोन साक्षीदार

हंस तारकासमूहातील क्ष-किरणांचा एक प्रखर स्रोत १९६४ साली अग्निबाणावरील उपकरणांना गवसला. तथापि तो नेमक्या कोणत्या ताऱ्यापाशी आहे, हे सात वर्षे उमगले नाही. क्ष-किरण उपकरणांची नजर तेवढी अचूक नव्हती. १९७१ च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘उहुरू’ उपग्रहाला त्याचे सौम्य क्ष-किरण मंदावलेले आढळले आणि त्याच सुमारास तेथे रेडिओ लहरी प्रकटल्या. रेडिओ दुर्बिणींनी अचूक स्थान दिले. तेथे एक निळा महातारा होता, अदृश्य सोबत्यासह ५.६ दिवसांत फेरी पुरी करणारा. तो सोबती कृष्णविवर होय, हे आज सर्वमान्य आहे.

एकाच साक्षीदारावर विसंबून हा निवाडा झाला नसता. चंचल तारा कोणाचे वेळापत्रक पाळत नाही. एका दुर्बिणीने आज पाहिले आणि दुसरीने महिन्याने, तर कार्यकारणाचा दुवा निसटतो. भारताने खोडदला रेडिओ दुर्बीण उभारली, २०१५ साली ‘अॅस्ट्रोसॅट’ सोडला. अशा यंत्रांवरील सार्वजनिक खर्चाचे चीज एकेकट्या यंत्राच्या सामर्थ्याने होत नाही. त्यांनी एकाच घटकेला एकाच ताऱ्याकडे पाहावे, या जुळणीलाही अंदाजपत्रकात मानाचे स्थान हवे.