काटा तपासता आला पाहिजे

गळीत हंगाम सुरू झाला की भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉली आधी भरलेली वजनकाट्यावर जाते, मग रिकामी. त्या दोन आकड्यांतल्या फरकावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल ठरते. साखरेच्या उताऱ्यावर वाद होतो, एफआरपीवर म्हणजे उसाच्या किमान दरावर आंदोलन होते. पण त्या सगळ्याच्या आधी काट्यावर विश्वास लागतो. म्हणूनच महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात कुठेही जा, एक मागणी ऐकू येते : बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेली ट्रॉली मान्य झाली पाहिजे.

संगणकाच्या जगातला असा काटा म्हणजे कम्पायलर. प्रोग्रॅमर माणसाला वाचता येईल अशा भाषेत सूचना लिहितो आणि कम्पायलर त्यांचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करतो. ऊस बिलाचा हिशेब असो, सोसायटीचे खाते असो वा खिशातला मोबाइल, सगळ्यांच्या मुळाशी कुठला ना कुठला कम्पायलर आहेच. त्यातून काय बाहेर पडले हे मात्र लिहिणारा सहसा उघडून पाहत नाही. तो विश्वास ठेवतो.

या विश्वासाला कसा तडा जाऊ शकतो, हे युनिक्स या संगणकप्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले. कम्पायलरच असा बिघडवता येतो की तो लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये गुपचूप चोरवाट ठेवील. इतकेच नव्हे, तर स्वतःची पुढची प्रत बनवतानाही तीच खोड तिच्यात उतरवील. मग मूळ लिखाण कितीही वाचा, ते निर्मळच दिसणार. यावर उपाय सापडला तो आपल्या शेतकऱ्याचाच. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ साली सविस्तर मांडलेली रीत अशी : पहिल्या कम्पायलरचे मूळ लिखाण दुसऱ्याच, वेगळ्या घराण्यातल्या कम्पायलरकडून बांधून घ्यायचे. त्यातून जे तयार होईल त्याच्याकडून तेच लिखाण पुन्हा बांधायचे. शेवटी हाती आलेले रूप पहिल्याशी बिट न बिट ताडून पाहायचे. ही बाहेरच्या काट्यावरची फेरमोजणीच झाली.

ही फेरमोजणी करायची तर कम्पायलरचे मूळ लिखाण हाती हवे, आणि ताडून पाहायला दुसरा कम्पायलरही हवा. सुदैवाने आज दोन्ही मोफत आणि उघडे आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला जीसीसी हा एक. इलिनॉय विद्यापीठात २००० साली क्रिस लॅटनर आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी विक्रम अडवे यांनी सुरू केलेला एलएलव्हीएम हा दुसरा. काटा उघडा आहे. प्रश्न आहे तो काट्याच्या आत पाहता येणाऱ्या माणसांचा.

तशी माणसे आपल्याकडे नाहीत, असे कोणी म्हणू नये. आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले धनंजय ढमढेरे हे नाव अभियांत्रिकीच्या मुलांना ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग’च्या पुस्तकावरून माहीत असते. त्यांचे संशोधन मात्र परीक्षेच्या तयारीत बाजूला राहते. ते समजायला कारखान्याचा रस्ता पुरेसा आहे. दोन गावांकडून येणारे रस्ते एका फाट्यावर मिळतात असे समजा. एका रस्त्याच्या ट्रॉल्यांचे वजन आधीच झाले आहे, दुसऱ्याच्या ट्रॉल्यांचे राहिले आहे. फाट्यापुढे काटा बसवला तर पहिल्या रस्त्याच्या ट्रॉल्या दोनदा तोलल्या जातील. म्हणून काटा दुसऱ्या रस्त्यावर हवा. पण दुसऱ्या गावातून आणखी तिसरीकडेही वाट फुटत असेल, तर गावात काटा बसवून तिसरीकडे जाणाऱ्यांचा खोळंबा कशाला? गाव आणि फाटा यांच्या मधल्या वाटेवरच तो बसवावा. इथे तोलणे म्हणजे प्रोग्रॅममधली आकडेमोड. तीच ती आकडेमोड टाळण्याची रीत मोरेल आणि रेनव्वाज यांनी १९७९ साली मांडली होती. आकडेमोड अशी मधल्या वाटेवर हलवण्याची सोय ढमढेरे यांनी १९८८ च्या निबंधात दाखवली.

त्यांच्याबरोबर १९९४ साली या विश्लेषणाची व्यापक उपपत्ती मांडणारे उदय खेडकर पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. तिथल्या जीसीसी रिसोर्स सेंटरमधून त्यांनी केलेले काम मला विशेष मोलाचे वाटते. जीसीसीचे लिखाण कोटीहून अधिक ओळींचे आहे. नवखा माणूस त्यात पाऊल ठेवताच हरवतो. खेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यशाळा घेऊन, टिपणे आणि चित्रफिती सर्वांना खुल्या करून त्या जंगलात पायवाट पाडली. २००९ च्या त्यांच्या ग्रंथात सिद्धान्त जीसीसीमध्येच चालवून दाखवला आहे. हे खरे लोकशिक्षण.

आणि हे काम केवळ आयआयटीतल्यांचे, असेही नाही. पुण्यातून या क्षेत्रात उतरलेले सिद्धेश पोयरेकर यांचे उदाहरण घ्या. संगणकाच्या स्मृतीतल्या दहा घरांच्या जागेत अकरावी वस्तू कोंबली की शेजारची माहिती पुसली जाते, आणि घुसखोराला दार सापडते. सी भाषेतला हा जुना रोग. जागेचा आकार बांधणीच्या वेळीच पक्का ठाऊक असेल, तरच जीसीसीचा पहारा आधी काम करी. प्रोग्रॅम चालताना ठरणाऱ्या आकारालाही तो पहारा लागू व्हावा, यासाठीची भर पोयरेकरांनी घातली आणि ती २०२२ च्या जीसीसी १२ मध्ये सर्वांच्या हाती आली. ज्यांना त्यांचे नावही माहीत नाही, अशांच्या यंत्रांवर तो पहारा चालू आहे.

आता भवानीनगरच्या परिसराकडे, बारामती-इंदापूरकडे वळू. नीरेच्या पाण्यावर आणि सहकारावर उभ्या राहिलेल्या या भागात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, संगणक शाखेला मुले आहेत. तिसऱ्या वर्षाला ती ‘टू पास असेंबलर’ लिहितात, वही तपासली जाते, सही होते आणि विषय संपतो. तीच मुले पुढे वर्षानुवर्षे दुसऱ्याने बनवलेल्या काट्यावर आपले काम तोलत राहतात. आपापला ऊस आणून एकाच कारखान्यात गाळायचा, आणि कारखान्याचा हिशेब प्रत्येक सभासदाला विचारता यायचा, ही रीत ज्या मुलांनी घरी पाहिली आहे, त्यांना खुल्या कम्पायलरचा व्यवहार समजावून सांगावा लागू नये.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. यंदा एका तरी तुकडीला सबमिशनऐवजी खरे काम द्या. जीसीसी किंवा एलएलव्हीएमवर उभ्या असलेल्या क्लँग या कम्पायलरमधली नोंदवलेली एखादी चूक घ्यायची, ती आपल्या लॅबमध्ये पुन्हा घडवून पाहायची, शंभर ओळींचा प्रोग्रॅम छाटत छाटत चूक दाखवणाऱ्या पाच ओळींवर आणायचा आणि तो मूळ नोंदीला जोडायचा. कम्पायलर दुरुस्त करणाऱ्यांना अशी छाटणी हवीच असते. तिला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. एक संगणक, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. त्या पाच ओळींपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी काट्याच्या आत डोकावलेला असेल. भवानीनगर परिसरातून असे दहा विद्यार्थी तयार झाले, तरी या हंगामाचा उतारा चांगला आला म्हणायचे.