बर्फाचं वय की काडीचं?

‘सायबेरियात अमुक हजार वर्षांपूर्वीचा बर्फ’ अशी बातमी आली की माझा प्रश्न ठरलेला असतो: वय नेमकं कशाचं काढलं? नोकरीची सगळी वर्षं मी रेडिओकार्बन कालमापनासाठी नमुने धुतले आहेत. बातमीत आकडा ठळक असतो आणि ज्या काडीतून तो आला, ती कुठेच नसते.

हे वय निघतं कार्बनवरून, आणि शुद्ध पाण्याच्या बर्फात कार्बन नसतोच. याकुतियात नदीकाठचे कडे ढासळले की वर रुंद, खाली निमुळत्या अशा बर्फाच्या पाचरी उघड्या पडतात. कडाक्याच्या थंडीत जमीन आकसून तडकते, वसंतात वितळलेलं पाणी भेगेत उतरून गोठतं. पुढच्या वेळी भेग बहुधा तिथेच पडते. भर पडते ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, पण हजारो वर्षांत पाचर काही मीटर रुंद होते. कापून पाहिलं तर उभे पट्टे दिसतात. सहसा मधला सर्वांत तरुण, कडेचे म्हातारे. मधल्या कणाची तारीख साऱ्या पाचरीला लावणं म्हणजे नातवाच्या जन्मदाखल्यावरून आजोबांचं वय लिहिणं!

पाण्याबरोबर आत जातात मुळांचे धागे, पानांचा चुरा, हवेचे बुडबुडे. पूर्वी एका तारखेसाठी ग्रॅमभर कार्बन लागे. तेवढा पाचरीतून कुठून आणणार? मग शेजारच्या मातीचं वय बर्फाला चिकटवलं जाई. आता ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्रीला मिलिग्रॅमही पुरतो. पण धुणं चुकलं नाही. काडी आधी आम्लात, मग अल्कलीत, पुन्हा आम्लात. अल्कलीत द्रव तपकिरी होतो, ते बाहेरून मुरलेलं ह्यूमिक आम्ल. रंग जाईपर्यंत द्रव बदलत राहायचा, कंटाळा करायचा नाही. कारण ज्यात रेडिओकार्बन उरलेलाच नाही अशा नमुन्यात आजचा कार्बन फक्त एक टक्का मिसळला, तर वय सुमारे 37,000 वर्षं दिसतं.

उलटी फसगतही होते. गोठलेल्या मातीत काडी कुजत नाही. नदी जुना कडा खाते, हजारो वर्षांची काडी धडधाकट अवस्थेत खाली नेते, आणि ती नव्या गाळात रुतते. म्हणूनच रशियन शास्त्रज्ञ युरी वासिलचुक सांगतात की एका थरातल्या अनेक तारखांपैकी सर्वांत तरुण तारीख खऱ्याच्या जवळची धरावी. मला हे पटतं. वर्तमानपत्रांना मात्र सर्वांत म्हातारी आवडते.

हे काही कीस काढणं नव्हे. या बर्फातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तेव्हाच्या हिवाळ्यांची थंडी मोजतात. तारीख चुकली की हिवाळाच भलत्या काळात जाऊन बसतो.

शिवाय रेडिओकार्बनची धाव 50,000 वर्षांच्या आसपास संपते. कॅनडातल्या युकॉनमधला एक बर्फ सुमारे 7,40,000 वर्षांहून जुना ठरला, तो त्याच्यावरच्या ज्वालामुखीय राखेवरून. तिथे काड्या धुऊन काही हाती लागलं नसतं.

तेव्हा संपादकहो, आकडा जरूर छापा. पण सोबत वय कशाचं काढलं ते आणि अधिक-उणे किती तेही छापा. आणि प्रयोगशाळेनं ‘50,000 वर्षांपेक्षा जुना’ असं लिहून दिलं असेल, तर जागा वाचवायला त्यातलं ‘पेक्षा’ उडवू नका.