हाफकिनचं नाव राहिलंच पाहिजे

मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेला वसाहतकाळातल्या गोऱ्या माणसाचं नाव आजही कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यामागचा राग खोटा नाही. १८९७ साली प्लेगच्या साथीत रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या अंमलात पुण्यात सोल्जर माजघरापर्यंत घुसले, माणसं ओढून नेली. पण तो हिशेब हाफकिनच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू, शिकलेला प्राणिशास्त्र. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

सरकारने त्याच वर्षी त्याला सी.आय.ई. किताब दिला, म्हणजे तो सरकारचाच माणूस, असंही म्हणतात. त्यांनी पुढची दहा वर्षं पाहावीत. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सरकारने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिनची नोकरी गेली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट दुर्लक्षित राहिली. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे भांडले तेव्हा कुठे १९०७ मध्ये ठपका पुसला गेला. तरी मुंबईची जागा परत मिळाली नाही, त्याला कलकत्त्याला जावं लागलं. त्याचं नाव संस्थेला मिळालं १९२५ मध्ये. ज्या राजवटीने त्याला घालवलं तिनेच उशिरा केलेली ही भरपाई आहे. आपण ती काढून घ्यायची?

लस निर्दोष नव्हती. ताप यायचा, संरक्षणही पूर्ण नव्हतं. मात्र लागण आणि मृत्यू दोन्ही घटतात, हे प्लेग कमिशननेही मान्य केलं.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पहिली मोठी चाचणी भायखळ्याच्या तुरुंगात झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले म्हणतात, पण गजाआडच्या माणसाची स्वेच्छा किती मोकळी असणार? त्या कैद्यांचं ऋण हाफकिनच्या नावाशेजारीच ठळक लिहिलं पाहिजे.

आपल्या माणसांची नावं मागे राहिली, हेही खरं. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई फुल्यांचं नाव पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये मिळालं. हा उशीर आपला. तो भरून काढायला परळची पाटी उतरवण्याची गरज नाही. व्हिएगस आणि सावित्रीबाईंची साथीतली कामगिरी शाळेच्या पुस्तकात सविस्तर यायला हवी.