आधी कोण, शेवटी कोण?



लग्नघरात भांडण कशावरून होतं, सांगा पाहू! मानपानावरून? अहेरावरून? छे! गेल्या उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यातल्या एका लग्नघरी मी दोन दिवस आधीच जाऊन पोचलो, तर तिथे आजोबा आणि नातू यांच्यात जुंपली होती ती जेवण कसं वाढायचं यावरून!

"पंगत म्हंजे पंगत!" आजोबा म्हणाले. "आवतण देऊन बोलावलेल्या माणसाला हातात ताट देऊन रांगेत उभं करायचं? हे काय रेशनचं दुकान आहे का रं?"

"आबा, हजार माणूस येणार. पंगती उठेस्तोवर चार वाजतील," नातू म्हणाला. "बुफेच ठेवू."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी आपला पटकन चहाचा कप तोंडाला लावला! पण तुमच्याही घरी ताईचं किंवा दादाचं लग्न निघालं की हा प्रश्न येणारच. तेव्हा आज आपण दोन्ही बाजू नीट तपासून बघू या.

आधी पंगत. वसमत-कळमनुरीकडे हळद निघाली, शिजली, वाळली आणि बाजारात गेली की लग्नांची धांदल सुरू होते. गावात 'चूलबंद आवतण' जातं. म्हणजे काय, ठाऊक आहे? त्या दिवशी त्या घरातली चूल पेटायचीच नाही. लहानथोर, सगळ्यांनी मांडवातच जेवायचं! मग पळसाची पानं काड्यांनी टाचून केलेल्या पत्रावळी मांडायच्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर एकेक खडा ठेवायचा. वाढपी कोण? गावातलीच पोरं. एकाकडे भाताची परात, दुसऱ्याकडे वरणाची बादली, तिसऱ्याकडे वांग्याची भाजी, चौथ्याकडे बुंदी. सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. पाहुण्यानं मांडी घालून निवांत बसायचं आणि घरच्यांनी त्याच्यापुढे वाकायचं. किती छान, नाही का?

पण थांबा. पंगतीचं सगळंच काही गोड नव्हतं. पहिल्या पंगतीला मानाची माणसं बसत. बायका बहुतेक वेळा शेवटी, आणि तोवर भात गार झालेला नि बुंदी संपलेली! त्याहून वाईट म्हणजे, एकेकाळी जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसत. काही माणसांना तर मांडवात पायही ठेवू देत नसत. लांब बसवून वरूनच अन्न टाकत. एकाच पंगतीत एकाला तूप जास्त आणि दुसऱ्याला कमी, असंही चाले. त्यासाठी मराठीत शब्दच आहे, पंक्तिप्रपंच.

याच्या अगदी उलट पंगत पाहायची असेल, तर हिंगोलीहून शेजारच्या नांदेडला जायचं. तिथे हुजूर साहिब गुरुद्वारा आहे. शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली नांदेडलाच देह ठेवला. गुरुद्वारात लंगर चालतो. श्रीमंत-गरीब, बाई-पुरुष, कुठल्याही जातीचा, कुठल्याही धर्माचा माणूस असो, सगळे एकाच ओळीत जमिनीवर बसून जेवतात. आणि गंमत म्हणजे, त्या ओळीला शीखही 'पंगत'च म्हणतात! तिसरे गुरू अमरदास यांना भेटायला खुद्द अकबर बादशहा आला, तेव्हा त्यालाही आधी पंगतीत बसावं लागलं, असं सांगतात.

हिंगोली जिल्ह्यातलंच नरसी हे गाव संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. नामदेवांची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. कुत्र्यानं पोळी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. का? त्यानं कोरडी पोळी खाऊ नये म्हणून! ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला ती पुढे लागणार आहे.

आता बुफे. हा शब्द मूळचा फ्रेंच. ताटवाट्या आणि खाद्यपदार्थ ठेवायच्या कपाटवजा टेबलाला ते बुफे म्हणत. टेबलावर सगळं मांडून ठेवायचं आणि ज्यानं त्यानं हवं ते घ्यायचं, ही पद्धत स्वीडनमध्येही जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे स्वीडिश लोकांनी मांडलेलं असं टेबल फार गाजलं.

बुफेचा फायदा काय? जरा गणित करू. समजा, हजार माणसं आहेत. एका वेळी २०० जण बसतात आणि एका पंगतीला पस्तीस मिनिटं लागतात. म्हणजे पाच पंगती, १७५ मिनिटं. जवळजवळ तीन तास! आता बुफे. चार टेबलं, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी रांग, म्हणजे आठ रांगा. प्रत्येक रांगेतून मिनिटाला दोन जण ताट भरून निघाले, तर मिनिटाला सोळा. हजार जणांना साधारण तासभर पुरे! वर, कोण कोणाच्या आधी बसलं हा प्रश्नच उरत नाही. सरपंच आणि सालगडी एकाच रांगेत. हा बुफेचा मोठाच गुण.

आणि तोटा? पुन्हा गणित. हजार जणांनी ताटात फक्त ५० ग्रॅम भात टाकला, तर किती झाला? ५० किलो! एका माणसाला पाव किलो शिजलेला भात धरला, तर दोनशे जणांचं पोट भरलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं २०२४ साली एक अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, असं त्यात म्हटलंय. अर्थात पंगतीतही "घ्या हो, एवढी एकच जिलबी" असा आग्रह करकरून पत्रावळीत टाकलं जातंच. तेव्हा इथे दोघांनाही सारखेच गुण कमी!

मग त्या लग्नात काय झालं? नातू जिंकला. बुफे ठेवला. अक्षता पडल्या आणि टेबलांवर झुंबड उडाली. एक म्हातारी आजी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ताट घेऊन उभी. आता घास कोणत्या हातानं घ्यायचा? एका पोरानं ताटात जिलब्यांचा डोंगर रचला आणि चार खाऊन बाकीच्या टबात टाकल्या. पण तासाभरात सगळं आटोपलं, हेही खरं.

चारच्या सुमाराला नवरीची चुलत बहीण, सातवीतली पोर, मांडवामागे पाणी आणायला गेली. तिथे पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी वाजंत्री.

"मावशी, जेवलात का?" तिनं विचारलं.

"जेवू की बाई. गडबड जरा कमी होऊ दे."

तिनं पातेली उघडून पाहिली. भात होता, वरण होतं, भाजी तळाला गेलेली, गोड संपलेलं. ती काही बोलली नाही. सतरंजी ओढून आणली, पत्रावळी मांडल्या, भावंडांना हाका मारल्या. आचाऱ्याकडून गरम पिठलं करून घेतलं. आबा खाटेवरून सगळं बघत होते. तेही उठले आणि वरणाची बादली त्यांनी स्वतः उचलली. नातवानं भाताची परात घेतली. दिवसभरातली ती एकच पंगत, पण तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मला तिथेच आठवले!

आता कळलं, दोस्तांनो? पंगत चांगली की बुफे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, शेवटी कोण जेवणार आणि त्याच्या ताटात काय पडणार? तो सुटला की दुसरा अवघड नाही. माणसं थोडी नि जागा मोठी असेल, तर खुशाल पंगत करा. गर्दी असेल, तर बुफे करा. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि लेकुरवाळ्या बायांसाठी वेगळी बैठक ठेवा आणि तिथे तुम्ही मुलांनी वाढा. पोळ्या लाटणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, वाजवणाऱ्या माणसांचं जेवण, गोडासकट, आधीच वेगळं काढून झाकून ठेवा.

आणि ताट हातात घेतलंत की आधी थोडंच घ्या. लागलं तर पुन्हा जाता येतं. टाकलेलं मात्र परत पातेल्यात जात नाही.

पुढच्या लग्नाला गेलात की सगळ्यांचं झाल्यावर एकदा मांडवामागे डोकावून या. आणि तिथे काय दिसलं, ते मला नक्की कळवा. कळवाल ना?

तुमचा,
काका