पन्नास मीटरच्या पलीकडचे पाणी

पाणथळ जागांच्या रक्षणाचा प्रश्न कायद्याच्या भाषेत अखेर एका अंतरावर येऊन ठेपतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनुसार सरासरी उच्च पूररेषेपासून, म्हणजे दहा वर्षांच्या अनुभवानुसार पुराचे पाणी जिथवर चढते त्या रेषेपासून, ५० मीटरच्या आत होड्यांचे धक्के वगळता कोणतेही कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. नियोजनशास्त्रात या मोकळ्या राखलेल्या जमिनीला संरक्षक पट्टा किंवा बफर झोन म्हणतात. असा पट्टा हवाच, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र पट्टा राखला की तळे राखले, ही समजूत चुकीची आहे, आणि शहरांच्या वेशीवर गृहसंकुले उभी राहत असताना ती घातक ठरत आहे.

संरक्षक पट्ट्याचे काम दिसायला साधे असते. काठावरचे गवत, लव्हाळे आणि झुडपे उतारावरून वाहत येणारी माती अडवतात, सांडपाण्यातील नत्र व स्फुरद काही प्रमाणात शोषून घेतात, आणि वस्तीतील दिवे, गोंगाट व भटकी कुत्री यांना पक्ष्यांपासून थोडे दूर ठेवतात. पावसाळ्यात फुगलेले पाणी पसरायला याच पट्ट्यात जागा मिळते. परंतु बांधकामाचा परिणाम एवढ्या अंतरात थांबत नाही. शंभर-दोनशे मीटरवर तळघराच्या वाहनतळासाठी खड्डा खणला जातो, त्यात झिरपणारे पाणी पंपांनी उपसले जाते, आणि त्यामुळे भूजलाची पातळी खाली जाऊन तळ्याला जमिनीखालून मिळणारे पाणी कमी होऊ शकते. राडारोड्याचा भराव टाकून शेजारचा भूखंड उंच केला की पावसाच्या ओहोळाची वाट बदलते. नियमांत याकरिता ‘प्रभावक्षेत्र’ अशी संकल्पना आहे; पाणलोटाच्या ज्या भागातील विकासकामांमुळे पाणथळ जागेच्या रचनेवर व तिच्यापासून मिळणाऱ्या लाभांवर विपरीत परिणाम होतो, तो भाग म्हणजे प्रभावक्षेत्र. ही व्याख्या उत्तम आहे. खेदाची गोष्ट अशी की सार्वजनिक चर्चेत ५० मीटरच उरतात आणि प्रभावक्षेत्र विसरले जाते.

नवी मुंबईतील नेरूळ-सीवूड्स परिसरात या विसराचे परिणाम उघड दिसतात. दिवाळी सरते आणि पुढच्या काही आठवड्यांत रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे ठाणे खाडीकडे येऊ लागतात. ओहोटीच्या वेळी खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा लहान रोहित चोच उलटी धरून त्यातील सूक्ष्म शैवाल गाळून खातो. भरती चढू लागली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि सगळा थवा उठून किनाऱ्यामागच्या उथळ तळ्यांत येऊन विसावतो. पक्ष्यांचा दिवस असा दोन जागांत विभागलेला असतो, आणि त्यांपैकी एक गेली तर दुसरीचा उपयोग निम्म्याहून कमी होतो. कायद्याने मात्र या दोन जागांना सारखे वागवलेले नाही. खाडीतील क्षेत्र २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, दाखल झाले. विसाव्याची ही तळी अभयारण्याच्या सीमेबाहेर राहिली, आणि त्यांच्यापैकी काहींवर गोल्फ मैदान व घरबांधणीच्या योजना आखल्या गेल्या, ज्यांविरुद्ध नागरिकांना उच्च न्यायालयात जावे लागले. तेथील डीपीएस तलावाकडे येणारे भरतीचे पाणी २०२४ मध्ये अडले, तलाव कोरडा पडू लागला आणि त्या उन्हाळ्यात परिसरात काही रोहित मृत्युमुखी पडले. काठावर इमारत उभी राहिल्यामुळे हे घडले नव्हते. पाण्याची वाट बुजली होती. त्यानंतर २०२५ मध्ये राज्य सरकारने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो स्वागतार्हच आहे. परंतु खाडी ते तलाव हा प्रवाह खुला राहिला, तरच त्या दर्जाला अर्थ उरेल.

आगरी-कोळी गावांना ही गोष्ट नवी नाही. कोकणातील खारबंदिस्तीत बांधाइतकीच काळजी उघाडीची, म्हणजे भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराची, घेतली जात असे, आणि गोव्याच्या खाजणांत तेच काम मानस करते. अशा व्यवस्थेत काठ आणि वाट वेगळे मानलेच जात नव्हते.

आजच्या कायद्यात ते वेगळे झाले, शिवाय अंतर कोठून मोजायचे हाही प्रश्न अनिर्णित राहिला. बहुतेक लहान तळ्यांवर पाण्याची पातळी नोंदवणारी पट्टीच नसते, मग दहा वर्षांची सरासरी काढायची कशाच्या आधारे? किनारपट्टीवरील जागा २०१७ च्या नियमांतून वगळून किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेकडे सोपवलेल्या आहेत. तेथे १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा आवश्यक आहे, परंतु २०१९ च्या अधिसूचनेने खासगी जमिनीवरील कांदळवनाला या पट्ट्यातून मोकळीक दिली. झाडाला सातबारा वाचता येत नाही, भरतीलाही नाही. ही मोकळीक रद्द व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये देशातील २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,३१,१९५ पाणथळ जागांची प्रत्यक्ष पडताळणी व सीमानिश्चिती तीन महिन्यांत पूर्ण करण्याचे निर्देश राज्यांना दिले, यावरूनच मूळ नकाशाचे काम किती रखडले होते ते कळते.

केवळ अंतर वाढवून भागत नाही, हे बंगळुरूने दाखवून दिले आहे. आगरा व बेळंदूर तलावांच्या मधल्या जमिनीवरील बांधकाम प्रकल्पांच्या वादात राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये शहरातील तलावांभोवतीचा पट्टा ७५ मीटर केला. शहराच्या आराखड्यात तो ३० मीटर होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला, कारण कायद्यानुसार मंजूर झालेल्या आराखड्यातील अंतर बदलण्याचा अधिकार लवादाला नव्हता. यातून निघणारा बोध महाराष्ट्राने मनावर घ्यावा. संरक्षण टिकाऊ व्हायचे असेल तर ते विकास आराखड्यातच लिहिलेले असले पाहिजे, आणि आराखड्याच्या नकाशावर तळ्याच्या काठाबरोबर त्याला पाणी देणारे नाले, मोऱ्या व भरतीच्या वाटा यांनाही आरक्षणाचा रंग मिळाला पाहिजे.

घरांची गरज खरी आहे आणि ती नाकारण्याचा येथे हेतू नाही. मात्र २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा पाण्याला पसरायला जागा उरली नसल्याची किंमत घर असलेल्यांनीच मोजली. आपल्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत प्रत्येक सुजाण वाचकाने जवळच्या तळ्याची सीमा आणि त्याच्याकडे येणारा नाला नकाशावर आहे की नाही हे पाहावे, आणि नसल्यास लेखी हरकत नोंदवून तिची पोच जपून ठेवावी.