कुंपण निघाले, पाणवठ्यांचे काय?

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला पश्चिमेकडून तिंबावती, क्लासेरी, उम्बाबात, बालुले ही खासगी अभयारण्ये लागून आहेत. १९६०च्या सुमारास लाळ-खुरकूत रोखण्यासाठी या हद्दीवर कुंपण घातले गेले आणि हंगामानुसार पश्चिमेकडे जाणाऱ्या विल्डबीस्टच्या कळपांची वाट अडली. १९९३ मध्ये ते कुंपण काढायला सुरुवात झाली. मालकांनी तारा काढल्या, रान एक झाले, असे म्हणून ही गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. आम्हाला त्यातला पाण्याचा भाग जास्त कामाचा वाटतो.

क्लासेरी १९७२ मध्ये अनेक मालकांच्या जमिनी एकत्र करून उभे राहिले. आपल्या बंगल्यासमोर प्राणी दिसावेत, ही इच्छा प्रत्येकाची. त्यामुळे पाणवठेही ज्याचे त्याचे. पाण्यापासून लांबचे गवत एरवी वाईट वर्षासाठी शिल्लक राहते. इथे पाणवठे इतके जवळजवळ होते की असे ‘लांब’ काही उरलेच नाही. १९८२-८३च्या दुष्काळात पाणी हाताशी असून तृणभक्षी उपासमारीने मोठ्या संख्येने मेले.

उद्यानाची बाजू तरी कुठे शहाणी होती? उत्तर क्रूगरमधल्या कृत्रिम पाणवठ्यांवर झेब्रे जमले, त्यांच्यामागून सिंह आले आणि रोन हरणे १९८६ मधल्या सुमारे ४५० वरून १९९३ पर्यंत ४५ च्या घरात आली. पुढे उद्यानाने बरेच पाणवठे बंद केले. पण शेजारच्या लॉजसमोरचे तळे भरलेलेच राहिले, तर हत्ती कुठे जाईल हे सांगायला रेडिओ कॉलर लागत नाही. पर्यटक प्राणी पाहण्याचे पैसे मोजतो. तळे आटू देणे मालकाला परवडत नाही. म्हणून आमच्या मते, मालक आपापले पाणवठे सामाईक आराखड्यात आणत नाहीत तोवर जोडणी अर्धीच.  

मालकांच्या जमिनी अशा सामाईक चौकटीत आणायला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६सी खाली समुदाय राखीव क्षेत्रांची सोय आली. खासगी जमीनही मालकाच्या राजीखुशीने त्यात येऊ शकते आणि तिथला जमीनवापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव व राज्य शासनाची मान्यता लागते. पण नवी बोअर मारणे हा जमीनवापरातला बदल धरायचा का? क्षेत्र घोषित होण्याआधीच हे ठरवून टाकलेले बरे.

आपली पानगळीची राने सवानासारखी नाहीत, हे मान्य. तरी दर उन्हाळ्यात आपण किती टँकर ओतले, किती सौरपंप बसवले, हे कामगिरी म्हणून मोजतो. त्या पाण्याभोवतीचे गवत क्वचितच मोजतो. यंदाचा उन्हाळी आराखडा करताना हद्दीबाहेरची शेततळी आणि रिसॉर्टमधली तळीही त्याच नकाशावर घ्या, आणि कोणता पाणवठा बंद करता येईल याचीही एक यादी करा. असे नकाशे आमच्याकडे आले, तर त्यांना जागा देऊ.